स्वतःच्या जबाबदारीवर

ड्रेसिंग सोडताना गॉजच्या आतल्या पदरात मला माशाचं खवलं मिळालं. नखाएवढं, वाळून पिवळट झालेलं, आणि त्याला जाळ्याच्या नायलॉनचा हिरवा धागा चिकटलेला. सकाळचे साडेसहा वाजले होते. नाईट संपायला दीड तास होता. ड्रेसिंग खरं तर सकाळच्या ड्युटीचं काम, पण बँडेज ओलंचिंब दिसलं म्हणून मी सोडायला घेतलं होतं. चिमट्याने खवलं उचलून ट्रेमध्ये ठेवलं आणि दहा नंबरच्या कॉटवरच्या काकांकडे पाहिलं. ते खिडकीतून पाऊस बघत होते.

"काका, रात्री खंय गेल्लास?"

"हयसरच होतंय गो. जरा भायर, वारो खावक."

ती २७ जुलै २०२४ ची सकाळ होती. रात्रभर पाऊस कोसळत होता. काका जेट्टीवर गेले होते आणि शेडमध्ये बसून गेल्या हंगामातलं जाळं विणत होते, हे त्या खवल्याने मला सांगितलं होतं. आणि त्याहून जड गोष्ट म्हणजे ते दोन रात्री जातायत हे मला ठाऊक होतं आणि मी रिपोर्ट बुकात त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन अठरा वर्षं झाली. आज जे लिहितेय ते काकांना विचारून लिहितेय. त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. गेलं वर्षभर ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

काका तांडेल. म्हणजे ट्रॉलरवर सुकाणू त्यांच्या हातात, जाळं कुठे टाकायचं ते त्यांनी ठरवायचं. ट्रॉलर दुसऱ्याचा. वय पंचावन्नच्या पुढे, मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. मे महिन्यात खडपावर कालवं काढताना शिंपल्याची धार पायाला लागली. ज्यांनी कालवं काढलीयत त्यांना ती धार माहीत आहे, ब्लेडसारखी असते. पण मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. काकांना काही कळलंच नाही. वर चुना-तंबाखू दाबून ते कामाला लागले. दीड महिन्याने काकींना वास आला, तेव्हा त्यांनी मोजा ओढून काढला आणि रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. शुगर ४१२. दुसरं बोट टोकाला काळं पडलेलं, मधे पू, तळव्याच्या बाजूला खोल पोकळी. मी तिथे प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, घातला तर पाऊण इंच आत गेला, आणि काका माझ्याशी पावसाबद्दल बोलत राहिले. पायाच्या आत लोखंड जातंय आणि माणूस सहज बोलतोय, हे मी आधीही पाहिलंय. तरी प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. दुखणं हा शरीराने दिलेला पहारेकरी आहे. तो झोपला की घर लुटलं गेलं तरी मालकाला पत्ता लागत नाही.

"दुखत नाय तर जखम कसली ती?" काका मला रोज विचारायचे. हा त्यांचा हट्ट नव्हता, त्यांच्या अंगाचा अनुभवच तसा होता.

उपचार ठरलेले होते. जंतू मारायला सेफ्ट्रायझोन दोनदा, मेट्रोजिल तीनदा, जेवणाआधी इन्सुलिन, रोज ड्रेसिंग, पाय उशीवर आणि जमिनीला टेकवायचा नाही. जखमेतला पू कल्चरला पाठवला, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. मंगळवारी सर्जन यायचे, त्यांनी बघून सांगितलं की बोट काढावं लागेल, आत्ता काढलं तर बोटावर भागेल. काकांनी मान हलवली. नाही.

विडी बंद करायला सांगितली, तर संडासात जाऊन ओढायचे. काकी दुपारी पेज आणि उकडा भात आणायच्या, सोबत सुकट. शुगर मोजायची वेळ झाली की काका कॉटवर नसायचे. पाय उशीवर ठेवून मी पाठ फिरवली की ते खिडकीशी उभे. तिथून खाडीचा तुकडा दिसतो. आमच्या भाषेत अशा पेशंटला 'नॉट को-ऑपरेटिव्ह' म्हणतात. त्यांच्या केस पेपरवर ते शब्द चार वेळा आहेत. त्यातले दोन माझ्या हातचे.

आता त्या दोन रात्रींबद्दल.

पंचवीसच्या रात्री दहाच्या राउंडला दहा नंबरची कॉट रिकामी होती. उशी चादरीखाली ठेवून माणूस झोपल्यासारखं केलेलं. मी संडास बघितला, व्हरांडा बघितला, वॉचमनला विचारलं. तो आधी गप्प राहिला आणि मग म्हणाला, येतील सिस्टर, जेट्टीवर गेलेत. नियम अगदी स्पष्ट आहे. पेशंट न सांगता गेला तर ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं, पोलीस चौकीला कळवायचं, पेपरवर 'अ‍ॅबस्काँड' लिहून नाव कमी करायचं. मी फोन हातात घेतला. तेवढ्यात समोरच्या कॉटवरच्या मुलाला उलटी झाली, मी तिकडे धावले, आणि पावणेअकराला काका लंगडत आत आले. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, पाय चिखलाने माखलेला. मी काही न बोलता ड्रेसिंग बदललं. ड्युटी सोपवताना, म्हणजे ओव्हर देताना, सकाळच्या सिस्टरला म्हटलं, दहा नंबर झोपले नीट. दुसऱ्या रात्रीही तसंच झालं.

लिहिलं असतं तर त्यांचं नाव कमी झालं असतं. नाव कमी झालं असतं तर इंजेक्शनं थांबली असती आणि पाय गेला असता. असं मी स्वतःला सांगितलं. पण रिपोर्ट बुक माझं नाही, ते वॉर्डचं आहे. माझ्यानंतर येणारी सिस्टर त्यावर विसंबून औषध देते. रात्री दोन तास पाय चिखलात होता हे तिला माहीत नसेल तर सकाळी शुगर का चढली आणि जखम का चिघळली याचा अर्थ ती चुकीचा लावणार. इन्सुलिन घेऊन हा माणूस अंधारात जेट्टीवर चालत गेला आणि तिथे शुगर उतरून पाण्यात पडला असता, तर? माझ्या दयेने त्यांना वाचवलं असतं की बुडवलं असतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

खवलं मिळाल्यावर मात्र मी त्यांच्या कॉटच्या कडेला बसले. आमच्यात पेशंटच्या कॉटवर बसू नये असं शिकवतात. मी बसले.

"काका, खरा सांगा."

मग त्यांनी सांगितलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. १ ऑगस्टला हंगाम सुरू. मालकाकडून मे महिन्यात चाळीस हजारांची उचल घेतलेली, धाकटीच्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला. पहिल्या दिवशी तांडेल हजर नसला तर मालक दुसरा तांडेल बघतो, आणि तो मग हंगामभर राहतो. एक दिवस चुकला की वर्ष गेलं. जाळी तयार नाहीत, नेपाळी खलाशी परवा यायचेत, इंजिनाचं काम अर्धं आहे.

"आणि बोट काढूक तुम्ही नाय कित्याक म्हणतास?"

त्यांनी चादरीतून उजवा, धड पाय बाहेर काढला आणि बोटं आवळून दाखवली. रुंद, पसरलेली बोटं, मधे फटी, नखं जाड. "हेच्यानी फळी धरूची लागता, बाय. लाटेर ट्रॉलर असो कलंडता, तेव्हा बोटां धरतत म्हणान माणूस उभो रवता. बोट नसला तर सुकाणू कोण धरतलो?"

अठरा वर्षांत किती तरी पाय हाताळले मी. पायाचं बोट कशाला लागतं हा विचार मनात आला नव्हता. आमच्या पुस्तकात ते चालण्यासाठी, तोलासाठी असं एका ओळीत आहे. त्यांच्याकडे त्या ओळीमागे चाळीस वर्षांचा समुद्र होता.

म्हणून ते बरोबर होते असं मी म्हणत नाही. बोट धरून ठेवण्याच्या नादात पाय जातो, पाय धरून ठेवण्याच्या नादात माणूस जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसं त्यांना मी सांगितलंही, स्पष्ट शब्दांत, मालवणीत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नारळी पौर्णिमा होवंदे. मगे बघूया." ती होती १९ ऑगस्टला. तीन आठवडे थांबणारी ती जखम नव्हती.

माझी नाईट संपली, एक दिवस सुट्टी झाली, आणि तीस तारखेला मी सकाळच्या ड्युटीला आले तेव्हा वॉर्ड ओसंडत होता. जुलैअखेरीस आमच्याकडे तापाची लाट असतेच. भातलावणी झालेली असते, माणसं दिवसचे दिवस पाण्यात उभी असतात, उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी पायाच्या चिरांतून अंगात जातं आणि लेप्टो होतो. बावीस वर्षांचा एक मुलगा दोन कॉटच्या मधे जमिनीवर गादी टाकून पडला होता. डोळे लालभडक, अंग पिवळं. पोटऱ्या नुसत्या दाबल्या तर तो किंचाळला. लघवी कमी होत चाललेली. त्याला सलाईन लावायला मी गुडघ्यांवर बसले, आणि वरून कोणाची तरी चप्पल माझ्या हाताजवळून गेली. त्याची आई भिंतीला टेकून उभी होती. ती काही मागत नव्हती. तिने फक्त एकदा दहा नंबरच्या कॉटकडे पाहिलं, आणि ती कॉट रिकामी होती. काका पुन्हा खिडकीशी.

त्या क्षणी मला काकांचा राग आला. खरा राग. हा मुलगा जमिनीवर आणि तुम्हाला कॉटची किंमत नाही?

एकतीसला राउंडला डॉक्टर आले. तरुण आहेत, मनापासून काम करतात, त्या आठवड्यात सलग छत्तीस तास एकटेच ड्युटीवर होते. त्यांनी मुलाला तपासलं, उठून उभे राहिले, दहा नंबरचा पेपर बघितला. शुगर २४८. जखम जरा बरी, पण पोकळी तशीच. बोट काढायला नकार. वॉर्डमध्ये एव्हाना सगळ्यांना माहीत होतं की काका रात्री जातात.

"सिस्टर, दहा नंबर डामा करा. सही घ्या आणि हा मुलगा वर घ्या."

डामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. त्याचा छापील मजकूर मला पाठ आहे. मी माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात आहे, डॉक्टरांनी मला धोक्याची पूर्ण कल्पना दिली आहे, माझे काही बरेवाईट झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही. खाली सही किंवा अंगठा, साक्षीदार, वेळ. या कागदावर मी किती सह्या घेतल्यात त्याची गणती नाही. बहुतेक वेळा तो खरा असतो. कोणाला गावच्या वैद्याकडे जायचं असतं, कोणाकडे घरी कोणी नसतं, कोणाला देवाचा कौल मिळालेला असतो. ते जायला निघालेले असतात आणि आम्ही थांबवत असतो.

कागद घेऊन काकांकडे गेले. काकी घरी गेलेल्या. काकांचा चष्मा नव्हता. त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, खंय करू? बोट कागदावर ठेवून जागा दाखवायची, एवढंच काम होतं माझं. दोन मिनिटांचं. मी दाखवलं नाही. मी म्हटलं, आधी वाचून दाखवते. आणि वाचायला लागले, तर पहिल्याच ओळीला त्यांनी मला थांबवलं.

"मी खंय म्हटलंय जातंय म्हणान? तुम्हीच धाडतास मां?"

मी गप्प.

"तसा नाय, जातंय मी. माका एक तारखेक ट्रॉलरार असाक व्हया. पण सही केलंय आणि उद्या परत इलंय, तर माका घेतलास मां?"

हा प्रश्न मला झोंबला, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. घेतो आम्ही, सरकारी दवाखाना कोणाला परत पाठवत नाही. पण कसं घेतो? नऊ वर्षांपूर्वी एक बाई अशीच सही करून गेली होती आणि आठवड्याने परत आली, श्वास लागलेला, तेव्हा केस पेपर लिहिता लिहिता मी तिला म्हटलं होतं, "तेव्हा गेलात ना स्वतःच्या जबाबदारीवर?" ती काही बोलली नाही. तिची मान खाली गेलेली अजून दिसते मला. अशी एकदा मान खाली गेली की पुढच्या वेळी माणूस उशिराच येतो.

कागद हातात घेऊन मी परत ड्युटी रूमकडे निघाले. तो व्हरांडा वीस पावलांचा असेल. ट्रेनिंगच्या वेळी दिवे हातात घेऊन आम्ही जी शपथ घेतली ती मला तिथे आठवली. तिला नाइटिंगेल शपथ म्हणतात, पण ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला नर्सिंग स्कूलच्या लोकांनी तयार केली. तिच्या शेवटच्या वाक्यात दोन गोष्टी एका दमात येतात. डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साथ देईन, आणि माझ्या हवाली केलेल्या माणसांच्या भल्यासाठी स्वतःला वाहून घेईन. अठराव्या वर्षी म्हणताना ते एकच वाक्य वाटलं होतं. त्या दिवशी ती दोन वाक्यं झाली. आणि माझ्या हवाली केलेली माणसंही दोन होती, एक कॉटवर, एक जमिनीवर.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यात सतरा हक्क आहेत. उपचार समजून घेऊन हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क आहे, डिस्चार्ज मागण्याचा आहे, योग्य ठिकाणी पाठवलं जाण्याचा आहे. रुग्णाच्या जबाबदाऱ्याही त्यात आहेत. उपचार नाकारलेत तर त्या निर्णयाचं ओझं तुमचं. ते मला मान्य आहे. बोट न काढण्याचा निर्णय काकांचा होता, त्याचं ओझं काकांचंच. पण कॉट रिकामी करण्याचा निर्णय आमचा होता. तो त्यांच्या सहीने त्यांच्या डोक्यावर ठेवायचा आणि आपण हात झटकून मोकळं व्हायचं, हे मला जमेना.

डॉक्टरांना मी तसंच सांगितलं. "सर, ते जातो म्हणत नाहीयत. आपण पाठवतोय. डामा खोटा होईल."

"मग बेड कुठून आणू मी?" त्यांचा आवाज चढला. चढणारच. "तुम्हीच सांगा, कोणाला उठवू?"

"त्यांनाच. पण आपल्या सहीने."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. टेबलावरचा चहा निवून साय धरलेला होता. मलाही पुढचं सुचत नव्हतं, कारण काकांना ठेवून घ्या असं मी म्हणत नव्हते. तसं म्हणायला हवं होतं का? पोकळी असलेला पाय, शुगर २४८, अशा पेशंटला घरी पाठवू नये, हे पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. मी त्या मुलाच्या पोटऱ्या दाबल्या होत्या, त्याच्या आईचे डोळे बघितले होते, आणि माझं मन त्या बाजूला झुकलं होतं. मी लढले ते एका कागदासाठी. कॉटसाठी लढले नाही. हे मला लिहिलंच पाहिजे.

आणखी एक मी त्याच वेळी सांगून टाकलं, की पंचवीस आणि सव्वीसच्या रात्री ते बाहेर होते आणि मी लिहिलं नाही. वॉर्डच्या प्रमुख, परिसेविका तिथेच होत्या. त्यांनी मला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "लिहायचंस. आणि का गेले तेही लिहायचंस. नुसतं 'नॉट को-ऑपरेटिव्ह' लिहिलं की वाचणाऱ्याला पुढे विचारायला काही उरत नाही."

डॉक्टरांनी साधा डिस्चार्ज लिहिला. बोट काढण्याचा सल्ला दिला, रुग्णाचा नकार, कारण, दर दोन दिवसांनी ड्रेसिंग, ताप आला किंवा काळेपणा वर चढला तर ताबडतोब परत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढची सोय मात्र तुम्ही नीट लावून द्या." ड्युटी दोनला संपली, मी साडेचारपर्यंत थांबले.

काकी आल्या. त्यांना इन्सुलिन भरायला शिकवलं. बाटली ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, म्हणून सुईही लाल टोपीची ४० ची. मेडिकलवाल्याने केशरी टोपीची दिली तर घ्यायची नाही, त्यावरचे आकडे वेगळे असतात आणि डोस चुकतो. मोसंब्यात पाणी टोचून त्यांनी पाच वेळा करून दाखवलं. पाचव्या वेळी बुडबुडा न येता नेमकं सोळावर थांबल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मग समुद्रावरचं बोलणं. ट्रॉलरवर बर्फाचा खण असतो, काका म्हणाले तिथे ठेवतंय. नाही! बर्फाला लागून इन्सुलिन गोठलं की ते वाया जातं, वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं पण काम करत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या गाडग्यात, सावलीला ठेवायचं. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायचं, मग जाळं वर येत असलं तरी. खिशात साखरेची पुडी. घाम सुटला, हात थरथरले की ती तोंडात टाकायची आणि सुकाणू दुसऱ्याकडे द्यायचं. गमबुटात पाय कोंडायचा नाही. उतरल्यावर पायाचा तळवा काकींनी बघायचा, काकांनी नाही, कारण त्यांना तो कळत नाही. उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन करून ड्रेसिंगचे वार ठरवले. कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स काढली, नऊ दिवसांची शुगर हाताने एका कागदावर उतरवली आणि सगळं डिस्चार्ज कार्डाला टाचून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. डामावर गेलेल्या पेशंटच्या हातात बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं.

मुलगा दुपारीच दहा नंबरवर गेला होता. आठव्या दिवशी तो चालत घरी गेला.

काका २, ४ आणि ७ ऑगस्टला उपकेंद्रात आले. मग हवा सुधारली आणि ट्रॉलर दोन-दोन, तीन-तीन दिवस बाहेर राहू लागले. दहा दिवसांतून एकदा, मग तेही नाही. उपकेंद्रातली सिस्टर घरी जाऊन आली दोनदा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे पाच वाजता काकींचा फोन. "सिस्टर, तेंका थंडी भरून ताप इलो हा. पाय वरसून काळो पडलो." मी म्हटलं १०८ लावा, पिशवी सोबत घ्या. आमच्याकडून त्यांना तडक बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात पाठवलं. सिंधुदुर्गातल्या माणसाला गोव्याची वाट अशाच वेळी दिसते. तिथल्या डॉक्टरांनी पिशवीतला कल्चर रिपोर्ट बघून लागलीच औषध सुरू केलं, असं काकी सांगतात. दोन बोटं गेली, पाय राहिला.

दहा दिवस आणखी ठेवले असते तर? डॉक्टर म्हणतात, बोट तर गेलंच असतं, ते राहणार नव्हतं. एक बोट गेलं असतं, दोन नाही, हे ते म्हणत नाहीत, पण मला माहीत आहे. आणि तो मुलगा जमिनीवर राहिला असता तर काय, तेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघते, आणि त्यांची वजाबाकी होत नाही.

काका आता तांडेल नाहीत. मालकाने त्यांना जाळ्यांच्या कामावर ठेवलंय, उचल त्यातून फिटतेय. या वर्षी, बंदी लागली त्या आठवड्यात, ते स्वतः ओपीडीत आले. सोबत काकी नव्हत्या. टाचेला चीर पडलेली, साधीच, पण त्यांनी ती आरशात बघून शोधली होती.

"आता दोन म्हयने बंदी. काय ता करा."

भरती करून घेतलं. कॉट खिडकीजवळची मिळाली, पाच नंबर. जखम दोन सेंटिमीटर, कोरडी, पू नाही. शुगर २३६. दुपारभर पाय उशीवर होता, मी तीनदा पाहिलं. पाच वाजता त्यांनी मला हाक मारली.

"बाय, जेट्टीर जरा जावन येव काय? ट्रॉलर वर ओढतत आज."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं पाय कसा आहे, शुगर किती, पाऊस आहे का. मग म्हणाले, तासाभरात परत, आणि चालत नको. वॉचमनच्या भावाची रिक्षा होती. पायाला प्लास्टिक बांधून दिलं, खिशात साखरेची पुडी आहे का बघितलं. होती.

रिपोर्ट बुकात लिहिलं: कॉट ५, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने जेट्टीवर गेले, ट्रॉलर वर घेत असल्याने. सायं. ५.२०. परत ६.२५. ड्रेसिंग कोरडं.